चौथीचा जिना

त्या शाळेत परिपत्रकाचा प्रवास ठरलेला होता. शिपाई ते वर नेई, हेडसर त्यावर सही करत, बाकीचे शिक्षक हेडसरांच्या सहीखाली सह्या करत आणि मग ते परिपत्रक सेवानिवृत्त होई. ते कोणी वाचल्याची नोंद नव्हती. दोन वर्षांपूर्वी मात्र अपघात झाला. चौथीच्या बाईंनी एक परिपत्रक वाचलं.

त्यात म्हटलं होतं की लहान वर्गांना इतिहास आणि भूगोल वेगळे शिकवू नयेत. मुलांच्या रोजच्या पाहण्यातली एखादी गोष्ट सूत्र म्हणून धरावी. ती कुठे आहे, तशीच का आहे, कधीपासून आहे, कोणामुळे आहे, हे मुलांनीच शोधून काढावं. बाईंनी ते दोनदा वाचलं, डबा उघडाच टाकला आणि थेट हेडसरांची खोली गाठली.

"सर, सोमवारपासून सुरू करू?"

"काय सुरू करू?"

"यात लिहिलंय ते."

हेडसरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, परिपत्रक सही करायला असतं. आपण वाचत बसलो तर शाळा कोण चालवणार?" असं म्हणून त्यांनी ते परिपत्रक घेतलं, त्याच्या आठ घड्या घातल्या आणि खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या एका पायाखाली सरकवलं. ते कपाट कित्येक वर्षं डुगडुगत होतं. डुगडुग थांबली. सर समाधानाने म्हणाले, "बघा, उपयोग झाला."

बाईंनी तेवढ्यात तोंडपाठ करून घेतलं होतं. सोमवारपासून सुरू झालं.

बाई हे एक प्रकरणच होतं. वय एक्कावन्न. उंची चार फूट पावणेअकरा इंच, आणि हा पाऊण इंच त्या कोणालाही सोडू देत नसत. नवरा शिंपी. त्याने टाकून दिलेली मापाची टेप बाईंच्या पर्समध्ये कायम गुंडाळून ठेवलेली. बोलताबोलता त्या टेबल मोजत, खिडकी मोजत, समोरचा माणूस बेसावध असेल तर त्यालाही मोजत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'फूटपट्टी' पडलं होतं. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टेप आहे ती. पट्टी वाकत नाही."

पहिल्या वर्षी त्यांनी 'दार' हे सूत्र घेतलं. कुठलं दार आत उघडतं, कुठलं बाहेर, आणि का, हे बघत वर्ग अख्खा रस्ता फिरला. न्हाव्याच्या दुकानाचं दार मुलांनी इतक्या वेळा उघडलं-मिटलं की आत दाढीला बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी अकरा आया शाळेत हजर. हेडसर त्यांना म्हणाले, "नवीन पद्धत आहे," आणि बाईंना म्हणाले, "जुनी पद्धत काय वाईट होती?"

आणि यंदा ती जुनी पद्धत परत यायची वेळ आली. नवं परिपत्रक आलं : कोणत्या पद्धतीने शिकवायचं ते शाळांनी आपापलं ठरवावं. ज्या परिपत्रकात काहीच करायला सांगितलेलं नसतं, तेवढीच हेडसर मनापासून वाचत. त्यांनी बाईंना बोलावलं.

"सत्राच्या शेवटच्या शनिवारी पालकसभा आहे. चौथीने काय केलं ते तिथे दाखवा. पालकांना पटलं, तर तुमचं सूत्र चालू. नाही पटलं, तर दोन पुस्तकं, दोन वह्या, सोमवारी इतिहास, गुरुवारी भूगोल. आणि तुम्ही दुसरीच्या वर्गावर. चौथी मी घेईन."

दुसरीचा वर्ग वाईट नव्हता, पण तिथे इतिहासही नव्हता आणि भूगोलही. बाईंनी पर्समधली टेप काढून हेडसरांचं टेबल मोजलं.

"शनिवारी बघू," त्या म्हणाल्या. हे दोन शब्द त्या ज्या स्वरात म्हणत, तो घरात नवऱ्याला आणि शाळेत शिपायाला चांगला ठाऊक होता. त्या स्वरानंतर वाद घालण्यात अर्थ नसे.

यंदाचं सूत्र होतं 'जिना'. त्याचा उगम नवऱ्याच्या दुकानात होता. एका संध्याकाळी दुरुस्तीला आलेला कोट टेबलावर पसरून तो म्हणाला, "हा माणूस डावखुरा. दिवसभर टेबलाशी बसतो. आणि पिशवी उजव्या खांद्याला अडकवतो."

"ओळखीचा आहे?"

"छे. तोंड पाहिलेलं नाही. कोपर बघ, खांदा बघ. झिजलंय ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेचा जिना चढल्या आणि चौथ्या पायरीवरच थबकल्या. सव्वीस वर्षं त्या हा जिना चढत होत्या, पण आजवर पायांनी चढल्या होत्या, आज डोळ्यांनी चढल्या.

सतरा दगडी पायऱ्या. चढताना डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला कठडा. माणूस कठडा धरून चढतो, म्हणजे दगड उजवीकडे झिजायला हवा. पण पायऱ्या झिजल्या होत्या डावीकडे, भिंतीला लागून. बशीसारखे खळगे पडले होते. फक्त सहावी आणि सातवी पायरी तेवढी उजवीकडे झिजलेली.

"का?" बाईंनी वर्गाला विचारलं. चौतीस मुलं जिन्यावर तुटून पडली.

पुढचे तीन महिने त्या जिन्यावरून सुखाने कोणी गेलं नाही. मुलांनी जिन्याचा नकाशा काढला, उत्तर दिशा ठरवली, एक पायरी म्हणजे एक बोट असं प्रमाण ठरवलं आणि कोणाचं बोट यावरून दोन दिवस भांडण केलं. खळगा किती खोल आहे हे मोजायला त्यात चमच्याने पाणी ओतलं. नवव्या पायरीत अकरा चमचे मावले. हेडसर वरून उतरत होते.

"बाई, हा इतिहास की भूगोल?"

"सध्या पाणी आहे, सर. जपून."

वर्गात आडव्या बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी कागद लटकत होते. दोरीचं एक टोक आजचं, दुसरं इमारतीच्या दारावर कोरलेल्या सालाचं. एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं की इथे पूर्वी गोदाम होतं आणि हमाल पोती वर नेत. वरच्या मजल्यावर रंगाचे पापुद्रे खरवडल्यावर खाली अक्षरंही निघाली : 'पोती मोजून घ्यावीत'. मग कोडं उलगडलं. उजव्या खांद्यावर पोतं, डाव्या हाताने भिंतीचा आधार. म्हणून झीज डावीकडे. एका मुलाने दप्तरं खांद्यावर घेऊन चढून दाखवलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याची उंची मोजली.

राहिल्या सहावी आणि सातवी. तिथे हमाल उजवीकडे का सरकत? वर्गाचं उत्तर तयार होतं. पोती मोजून घ्यावीत, म्हणजे मोजणारा कोणीतरी असणार. तो सहाव्या पायरीवर भिंतीला टेकून स्टूल टाकून बसायचा. हमालांना त्याला वळसा घालावा लागायचा!

झालं. मोजकाका जन्माला आले. आठवड्याभरात त्यांना पोट सुटलं, कानावर पेन्सिल आली, खोकला लागला. एका मुलीने त्यांना दोन मुली दिल्या. चित्राच्या तासाला चौतीस मोजकाका काढले गेले. त्यातला सर्वांत ढेरपोट्या मोठ्या तक्त्यावर चिकटवला. खुद्द बाईसुद्धा सहाव्या पायरीवर आल्या की किंचित उजवीकडे सरकू लागल्या.

वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई' या शब्दांनी सुरू होई, म्हणून सगळे तिला पणपण म्हणत. ती म्हणाली, "पण बाई, बाकीच्या पायऱ्यांचे खळगे पुढे आहेत, कडेला. या दोन्हींचे मागे आहेत. पुढच्या पायरीच्या मुळाशी. असं कसं?"

"अगं, जपून पाऊल टाकत असतील. आत."

"पण बाई, पोतं घेतलेला माणूस…"

"पुढे चला," बाई म्हणाल्या. एरवी मुलांचा प्रश्न अर्ध्यावर तोडणारा शिक्षक दिसला तर त्या त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत.

पालकसभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर एक गवंडी आला. जिना घसरडा झालाय, दुरुस्त करायचाय, म्हणून हेडसरांनी त्याला मापं घ्यायला बोलावलं होतं. साठीच्या आसपासचा, शांत, बोलण्याआधी दगडावर हात फिरवणारा माणूस. बाई वर्गातला तक्ता सरळ करत होत्या. माप घेणारा माणूस दिसल्यावर त्या बाहेर आल्याच.

"मिस्त्री, तुमची टेप अर्धा इंच कमी दाखवतेय. टोक झिजलंय."

"माहितीये बाई. मी अर्धा इंच मिळवतो." तो सहाव्या पायरीशी वाकला आणि हसला. "ही आमची."

"आमची म्हणजे?"

"ही आणि वरची. माझ्या बापाने फिरवलेल्या. मी धंद्यात पडलो ते याच कामावर. शाळा नुकतीच सुरू झाली होती. कपाट वर चढवत होते, लोखंडी. इथे सुटलं हातातून. दोन्ही दगडांच्या कडा उडाल्या. नवा दगड कोण आणणार? बापाने दगड उचलले आणि फिरवून बसवले. फुटकी कड आत, धड कड बाहेर."

बाईंनी हवेत एक पायरी धरली आणि फिरवून पाहिली. डावीकडचा खळगा उजवीकडे गेला. पुढचा मागे गेला. त्या सहाव्या पायरीवर मटकन बसल्या, अगदी मोजकाकांच्या जागेवर.

"सुटलं कसं?"

"वरून एक नवे मास्तर ओरडत होते, 'डावीकडे घ्या, डावीकडे घ्या.' खालचे विचारत होते, 'कुणाच्या डावीकडे?' तोवर आलं खाली."

घरी येऊन बाईंनी चहा गार केला आणि सगळं नवऱ्याला सांगितलं. तो सुईत दोरा ओवत ऐकत होता.

"म्हणजे कॉलर उलटवली," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, कॉलर झिजली की उसवायची, उलटी करून परत शिवायची. झिजलेली बाजू आत. तुझ्या हेडसरांच्या निम्म्या शर्टांच्या मीच उलटवल्यात. तीन महिने ढेरपोट्या माणूस शोधत बसलात, त्यापेक्षा मला विचारायचं!"

"आता सांगताय, अहो?"

"आता विचारलंस." त्याने दोऱ्याला गाठ मारली. "पण उद्या कशाला बोलतेस? गवंड्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? चित्र छान आहे, पालक खूश होतील, तुझी चौथी राहील. उलटवलेली कॉलर उचलून कोणी बघत नाही."

बाईंनी गार चहा एका दमात संपवला. गप्प बसलं तर चौथी राहणार होती, बोललं तर बहुतेक जाणार होती. एवढं साधं गणित होतं आणि ते त्यांना सुटत नव्हतं, कारण मध्येच ती मुलगी येत होती. 'पण बाई, खळगे मागे आहेत.' तिने पाहिलं होतं. बाईंनी तिला गप्प केलं होतं.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कॉलर उचलून."

नवऱ्याने तो स्वर ओळखला आणि सुईत डोकं घातलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता बाई वर्गापुढे उभ्या राहिल्या. सभा अकराला होती. त्यांनी गवंड्याची हकीकत सांगितली, हातात डस्टर घेऊन ते फिरवून दाखवलं. मग मोजकाकांना दोन मुली देणारी मुलगी रडायला लागली.

"मोजकाका मेले?"

"मेले नाहीत बाळ. ते जन्मलेच नव्हते. आपण जन्माला घातले. आणि कोणीतरी वेळेवर सांगत होतं, तिचं मी ऐकलं नाही. चूक माझी."

चौतीस माना पणपणकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'पण' सुचेना.

"बाई, मग तक्ता फाडायचा?" एकाने विचारलं.

"नाही. तसाच न्यायचा. त्याच्या शेजारी दुसरा लावायचा. आपण काय समजलो, का समजलो आणि काय निघालं. तीन तास आहेत. रडायचं असेल तर रंगवता रंगवता रडा."

सभा खालच्या मोठ्या खोलीत भरली. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. गवंडीही आला होता. बाईंनी निरोप धाडून बोलावला होता, आणि तो शेवटच्या बाकावर हात धुऊन आल्यासारखा बसला होता. मुलांनी नकाशा सांगितला, दिशा सांगितल्या, हमाल सांगितले. पालक माना डोलावत होते. मग मोजकाका आले, खोलीत हशा पिकला, आणि हशा चालू असतानाच एक मुलगा म्हणाला, "हे सगळं चुकलेलं आहे."

हशा थांबला. दुसरा तक्ता उलगडला. डस्टर फिरलं. पुढच्या बाकावरचा औषधांचा दुकानदार म्हणाला, "अहो, चुकलेलं होतं तर दाखवता कशाला? बरोबर तेवढं सांगायचं!"

"चुकीचं औषध दिलं गेलं तर तुम्ही तरी सांगता ना काका?" मागून एक पोरगी म्हणाली. त्याने वळून मागे पाहिलं, आणि त्याची बायको हसली.

हेडसर उठले. हीच वेळ होती. "म्हणजे बाई, तीन महिने घालवून चौथी एका न जन्मलेल्या माणसाचा इतिहास शिकली."

"मोजकाकांना साडेचार आठवडे लागले, सर, तीन महिने नाही," बाई म्हणाल्या. आवाज स्थिर होता, टेप मात्र मुठीत घट्ट धरली होती. "पुस्तकात चूक असती तर मुलांनी ती पाठ केली असती आणि तुम्ही तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. ही चूक एका मुलीने खळगा बघून पकडली होती. मी तिला गप्प केलं. तेवढा भाग नापास. माझा."

हेडसर काहीतरी म्हणणार, तोच पणपणला तिचा शब्द परत सापडला.

"पण सर, ते कपाट कुठलं?"

"कुठलं म्हणजे? असेल एखादं."

"पण सर, शाळेत लोखंडी कपाट एकच आहे."

पुढचं कोणी ठरवलं नाही. चौतीस मुलं उठली आणि जिन्याकडे धावली, मागून पालक, मागून बाई, सर्वांत शेवटी हेडसर. त्यांच्याच खोलीत त्यांना दारातून वाकून बघावं लागलं. मुलांनी कपाटाच्या तळाशी टेप लावली होती. एका कोपऱ्याला पोचा होता. त्याच कोपऱ्याचा पाय आत वाकलेला होता. त्या पायाखालून एकाने आठ घड्यांचा कागद ओढून काढला. कपाट दोन वर्षांपूर्वीसारखं डुगडुगायला लागलं.

"बाई, यावर तुमचं नाव आहे! सही!"

"ते नंतर वाच," बाई घाईने म्हणाल्या. "पोचा किती?"

"सव्वातीन इंच!"

गवंडी दारात उभा होता. त्याने कपाट पाहिलं, मग हेडसरांना पाहिलं, अगदी नीट, आणि मग एकदम छताचं बांधकाम बघू लागला. भला माणूस होता. पण बाईंनी त्याची नजर पाहिली होती. त्यांनी तोंड उघडलं नाही. मुलांनी शोधावं, असं परिपत्रकात होतं.

मुलं शोधतच होती. "काका, वरून ओरडणारे मास्तर कोण होते?"

"लांबून पाहिलेले, बाळांनो. बारीक होते तेव्हा," गवंडी छताला म्हणाला.

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोलीभर मुलं आणि पालक, मध्ये त्यांचं कपाट, लंगडं.

"मी माझ्या डावीकडे सांगत होतो," ते म्हणाले.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग असा हशा उठला की कपाट पुन्हा डुगडुगलं. हेडसरही हसत होते; असे हसताना त्यांना बाईंनीसुद्धा सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"नोकरीचा पहिला आठवडा होता," ते सांगू लागले आणि थांबेनात. कपाट कुठून आलं, कोणत्या रस्त्याने आलं, पूल तेव्हा नव्हता म्हणून केवढा वळसा पडला, पाय वाकल्याचं त्यांनी कोणालाच कसं सांगितलं नाही आणि इतकी वर्षं घड्या घालून काय काय त्याच्या खाली सरकवलं. मुलं लिहून घेत होती. एकाने खालून दोरी आणि चिमटे आणले. पणपणने सर रुजू झाल्याचं साल विचारून घेतलं आणि जिन्याच्या दोरीवर हेडसर लटकवले.

औषधांचा दुकानदार बाईंना म्हणाला, "आमच्या दुकानाचं दार बाहेर का उघडतं, तेही चौथीच्याच पोरांनी शोधलं होतं का?"

पालक पांगल्यावर हेडसर बाईंना म्हणाले, "लेखी परीक्षा होणारच. त्यात सूट नाही."

"घ्या की."

"दुसरीच्या वर्गाचं…" ते थांबले. "ते राहू द्या. पुढच्या सत्राला सूत्र काय घेताय?"

"ठरलं नाही अजून. कपाट घ्यावं म्हणते."

"कपाट झालं आता," सर घाईने म्हणाले. "दुसरं काहीतरी बघा."

सुट्टीत गवंडी कामाला लागायचा होता. नवा दगड आणण्यापेक्षा उरलेल्या पंधराही पायऱ्या फिरवून टाकू, असं त्याने सुचवलं, आणि हेडसरांना ते लगेच पटलं. म्हणजे जिना आता सगळाच उजवीकडे झिजलेला दिसणार. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढची चौथी येणार, जिना बघणार आणि सतरा पायऱ्यांवर सतरा मोजकाका बसवणार! त्यांनी मुलांकडून एक कागद लिहून घेतला. कोणत्या पायऱ्या कधी फिरवल्या, कोणी, का. खाली चौतीस सह्या.

"पण बाई," पणपण म्हणाली, "आपणच सगळं लिहून ठेवलं, तर पुढच्या चौथीला काय उरलं?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी त्यांनी वाक्य तोडलं नाही. त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या. परिपत्रक टेबलावर उघडं पडलं होतं. हेडसर वाचत होते, तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवून. कपाट डुगडुगत होतं.

बाईंनी मुलांच्या कागदाच्या आठ घड्या घातल्या, वाकल्या आणि तो वाकड्या पायाखाली सरकवला. मग टेप काढून बघितलं. कपाट सरळ उभं होतं.